बकुलची गोष्ट कुठे आहे?

आशापूर्णा देवींची ‘प्रथम प्रतिश्रुती’ ज्याने मन लावून वाचली, तो ‘सुवर्णलता’ मिळवून वाचल्याशिवाय राहत नाही. आणि ‘सुवर्णलता’ संपली की ‘बकुलकथा’ हवीच असते. आजी, आई आणि नात अशा एकाच घराण्यातल्या तीन पिढ्यांच्या या तीन बंगाली कादंबऱ्या 1964, 1967 आणि 1974 या सालांत आल्या. भारतीय ज्ञानपीठाने काढलेल्या हिंदी अनुवादांमुळे त्या मराठी वाचकांनीही वाचल्या. पहिल्या दोन पुस्तकांबद्दल सगळे भरभरून बोलतात. तिसऱ्याचं नाव निघालं की मात्र सूर उतरतो. हिला पहिल्या दोघींची सर नाही, पात्रांची गर्दी फार झाली आहे, कथानक विस्कळीत आहे, असं वाचक म्हणतात. आणि सगळ्यांत मोठी तक्रार अशी की पुस्तकाच्या नावात बकुल आहे, पण बकुलची गोष्ट आतमध्ये सापडतच नाही.

ही तक्रार मला खरी वाटते, आणि तरीही ‘बकुलकथा’ मला फार मोलाची वाटते.

वाचकाची अपेक्षा उगाच वाढलेली नव्हती. ती लेखिकेनेच वाढवली होती. ‘प्रथम प्रतिश्रुती’च्या अगदी सुरुवातीला निवेदिका सांगून टाकते की सत्यवतीची ही गोष्ट मुळात तिची नाही, ती बकुलच्या वहीतून घेतलेली आहे. म्हणजे सत्यवतीची नात पणजोबांच्या गावापासून सगळं जमवत, ऐकीव तुकडे जोडत लिहीत बसली आहे, हे पहिल्या पानापासून आपल्याला ठाऊक असतं. दोन जाडजूड कादंबऱ्या आपण तिच्या हातून वाचतो, आणि ती स्वतः केव्हा समोर येईल याची वाट पाहतो. तिसरं पुस्तक येईपर्यंत मूळ बंगाली वाचकाने दहा वर्षं ही वाट पाहिली.

आणि ती कुणामागून येणार होती? नित्यानंदपूरच्या रामकाली कविराजांची लेक सत्यवती ही भारतीय कादंबरीतल्या सर्वांत जिवंत मुलींपैकी एक. बायकोला मारणाऱ्या भावावर ती गाणं रचते आणि गावातल्या पोरांच्या तोंडी ते बसवते. लपूनछपून लिहायला शिकते. बाईच्या जातीला अक्षर वर्ज्य, असं कुणी म्हणालं तर सरस्वती कोण आहे, असं विचारते. सासरी आल्यावर नवरा नवकुमार तापाने फणफणला, तेव्हा साऱ्या गावाचा विरोध पत्करून कलकत्त्याहून साहेब डॉक्टर आणवते. पुढे नवरा आणि सासू एलोकेशी यांनी तिच्या पाठीमागे तिच्या आठ-नऊ वर्षांच्या सुवर्णाचं लग्न उरकून टाकलं, तेव्हा ती रडत ओरडत बसत नाही. आल्या पावली वळते आणि काशीला वडिलांकडे निघून जाते. लेकीचं तोंडही पाहत नाही. या शेवटाने वाचक हादरतो, पण ज्याच्यावर राग धरावा तो समोर उभा असतो. कोण चुकलं आणि कुणी अन्याय केला, याबद्दल मनात शंका राहत नाही.

‘सुवर्णलते’त तर हा अन्याय घरातल्या भिंतींइतका ठोस होतो. कलकत्त्यात नवं घर बांधलं जात असतं. सुवर्णाची एकच मागणी असते. रस्त्यावर उघडणारी एक गॅलरी हवी, जिथे उभं राहून बाहेरचं जग दिसेल. नवरा प्रबोध होकार देतो आणि तिला झुलवत ठेवतो. गृहप्रवेशाच्या दिवशी ती खोल्याखोल्यांतून ती गॅलरी शोधत फिरते, आणि ती कुठेच नसते. पुढे अनेक वर्षं चोरून लिहिलेल्या आठवणी ती सासूच्या भाच्याच्या छापखान्यात देते. पुस्तक येतं ते हलक्या कागदावर, मोडक्या खिळ्यांनी छापलेलं, पानोपानी चुकांनी भरलेलं. घरातली पुरुषमंडळी ते हातात घेऊन हसतात. पोटची मुलंही त्यात असतात. सुवर्णा सगळ्या प्रती जाळून टाकते, हस्तलिखित वह्यांसकट. आई गेल्यावर बकुल त्या लेखनाचा मागमूस शोधायला त्या छापखानेवाल्या काकाकडे जाते. काहीच मिळत नाही. तेव्हा ती मनाशी ठरवते की जे जळलं, जे हरवलं, ते आपण पुन्हा लिहायचं.

इतकं झाल्यावर वाचक ‘बकुलकथा’ उघडतो. आत भेटते पन्नाशी ओलांडलेली, अविवाहित, नावाजलेली लेखिका अनामिका देवी. हे बकुलचं टोपणनाव. सभांना तिला बोलावणी येतात, संपादक मागे लागतात, वाचकांची पत्रं येतात. वडिलांच्या घरात तिसऱ्या मजल्यावरची खोली तिची आहे. प्रबोधने मृत्युपत्रात लग्न न झालेल्या या मुलीसाठी ती ठेवली आहे. आईला एक गॅलरी न देणाऱ्या माणसाने लेकीला अख्खी खोली द्यावी, यावर लेखिका भाष्य करत बसत नाही. ती व्यवस्था सांगते आणि पुढे जाते. मला मात्र तिथे थांबावंसं वाटतं. ही खोली म्हणजे प्रबोधचा पश्चात्ताप की केवळ सोय? भाऊ-भावजयांना ती खुपते, पण कायद्याने ती बकुलची असल्यामुळे कुणाला काही करता येत नाही. सत्यवतीला जे मिळालं नाही आणि सुवर्णाला मागूनही मिळालं नाही, ते सगळं बकुलकडे आहे. मोकळा वेळ आहे, स्वतःची मिळकत आहे, छापलेली पुस्तकं आहेत आणि त्यांवर हसणारं कुणी नाही.

मग कादंबरीत घडतं काय? बकुल इतरांकडे पाहते. जिन्यावरून धडधडत वर येणारी भाची शंपा आत्यापाशी आपल्या प्रेमाच्या गोष्टी बिनदिक्कत सांगते. शहरातल्या नव्या मुली, त्यांचे संसार, त्यांचे घटस्फोट आणि त्यांच्या महत्त्वाकांक्षा बकुलच्या खोलीपर्यंत येऊन पोचतात. ती ऐकते, सावरते, लिहिते. शेजारच्या घरातला निर्मल मधूनमधून डोकावतो. तरुणपणी दोघांचं एकमेकांवर प्रेम होतं. निर्मलला घरातल्या मोठ्यांपुढे बोलायचं धाडस झालं नाही, त्याचं लग्न माधुरीशी झालं आणि बकुल तशीच राहिली. एवढीशी ही गोष्ट. चार-दोन ठिकाणी ती झळकते आणि मिटते. चंदननगरला गंगेकाठच्या घरात एकटी राहणारी बहीण पारुल बकुलला वारंवार विचारते, ‘बकुलची गोष्ट लिहिणार कधी?’ अनामिका देवी टाळते.

वाचकाची तक्रार लेखिकेने पुस्तकातच पारुलच्या तोंडी घातली आहे, आणि ‘बकुलकथे’चं मर्म मला तिथे दिसतं. ज्या लेखिकेने ही तक्रार आपल्या पात्राकडून करवली, तिला ती गोष्ट सांगता येत नव्हती असं म्हणता येणार नाही. ती न सांगणं हाच तिचा विषय आहे.

बकुल का लिहीत नाही? मला याची दोन कारणं दिसतात. एक म्हणजे तिच्या गोष्टीत गुन्हेगार नाही. सत्यवतीला एलोकेशी होती, सुवर्णाला प्रबोध आणि सासू मुक्तकेशी. बकुलपुढे कोण आहे? निर्मल हा भला, हळवा आणि भित्रा माणूस. माधुरीचा तर काहीच दोष नाही. उलट बकुलशी तिचं अतिशय मायेचं नातं जुळतं. कुणी दार लावून घेतलं नाही, कुणी हात उगारला नाही, आणि तरी एक आयुष्य बाजूला राहून गेलं. असली हानी मांडायची कशी? ती मांडायची तर एका सज्जन स्त्रीचा संसार चव्हाट्यावर आणावा लागेल. बकुल ते करणार नाही.

दुसरं कारण मागच्या पुस्तकात आहे, आणि तिथून पाहिलं तर ‘बकुलकथा’ एकदम वेगळी दिसू लागते. बकुल त्याच घरात वाढली, जिथे आईने स्वतःची गोष्ट स्वतःच्या नावाने छापली आणि घरच्यांनी ती हसण्यावारी नेली. ज्या मुलीच्या घरात आईचं पुस्तक असं जळलं, ती मोठी होऊन लेखिका झाली तर टोपणनावाआड उभी राहणारच, आणि दुसऱ्यांच्या गोष्टी लिहिणारच. आपल्याकडे 1933 साली ‘कळ्यांचे निःश्वास’ विभावरी शिरूरकर या टोपणनावाने आलं, तेव्हा ही बाई कोण याचा केवढा गदारोळ झाला, हे आठवलं तर अशा आडोशाची गरज मराठी वाचकाला समजावून सांगावी लागणार नाही. बकुलने आजीची आणि आईची गोष्ट लिहून आपला शब्द पाळला. स्वतःची पाळी आली तेव्हा मात्र तिचा हात अडला. ‘सुवर्णलता’ वाचल्यानंतर काही दिवसांतच ‘बकुलकथा’ वाचली तर हा अडलेला हात पानोपानी जाणवतो. मध्ये वर्षं गेली की तो निसटतो आणि उरतं ते फक्त विस्कळीत कथानक.

पुस्तकातले दोष यामुळे झाकले जात नाहीत. अनामिका देवीचं चिंतन कित्येकदा लांबतं आणि तेच ते पुन्हा येतं. साठ-सत्तरच्या दशकातल्या कलकत्त्याकडे पाहताना लेखिकेची चीड आवरत नाही. काही आधुनिक मुली तर जणू त्यांचं चुकलं हे दाखवण्यापुरत्याच कथेत येतात. सत्यवतीचा शेजार-पाजार आठवा. तिची एकेक विधवा आत्या, एकेक जाऊ दोन संवादांत उभी राहायची. इथे माणसं येतात, आपला प्रश्न मांडतात आणि जातात.

याचं कारण मला लेखिका आणि तिचा काळ यांच्यातल्या अंतरात दिसतं. आशापूर्णा देवींचा जन्म 1909 सालचा, उत्तर कलकत्त्यातल्या एका कर्मठ घरातला. आजीच्या धाकामुळे मुलींना शाळा नव्हती. भावांचा अभ्यास चालायचा तेव्हा समोर बसून त्यांनी अक्षरं ओळखायला सुरुवात केली. सत्यवतीचा काळ त्यांनी पाहिलेला नव्हता, ऐकलेला होता, आणि ऐकता ऐकता तो मनात मुरला होता. सुवर्णाचा काळ त्यांच्या आईच्या पिढीचा. ‘बकुलकथा’ मात्र त्या ज्या दिवसांत जगत होत्या त्याच दिवसांत लिहिलेली आहे, मुरायला वेळ न मिळालेली. शिवाय बकुल म्हणजे आशापूर्णा नव्हेत. आशापूर्णांनी लग्न केलं, मोठा संसार सांभाळला आणि घरकाम उरकून रात्री लिहिलं. एकटेपणाची तिसऱ्या मजल्यावरची खोली त्यांना कल्पनेनेच उभारावी लागली. ‘प्रथम प्रतिश्रुती’ला ज्ञानपीठ मिळालं ते 1976 साली, आणि तो सन्मान मिळवणाऱ्या त्या पहिल्या स्त्री लेखिका. पहिल्या पुस्तकाचा असा गौरव झाल्यावर तिसऱ्याकडे वाचकाने त्याच मापाने पाहावं, हे ओघानेच आलं.

या पुस्तकाची सर्वांत धाडसी गोष्ट बहुतेक तक्रारींतून सुटून जाते. पायात साखळ्या असलेल्या बायकांनी ज्या स्वातंत्र्यासाठी जीव जाळला ते हेच का, हा प्रश्न बकुल स्वतःला उघडपणे विचारते. स्त्रीमुक्तीची त्रयी म्हणून जिचा गौरव व्हायचा, त्या त्रयीच्या शेवटच्या पुस्तकात असा प्रश्न टाकणं सोपं नव्हतं. पुष्कळांना त्यात लेखिकेचं पाऊल मागे पडल्यासारखं वाटलं, आणि काही पानं वाचताना मलाही ते पटतं. पण त्याच पुस्तकात शंपा आहे. आज हा, उद्या तो, अशी भिरभिरणारी, कुणाचं न ऐकणारी ही पोर अखेर जीव लावते ती कारखान्यातल्या सत्यवान नावाच्या एका कामगाराला. बाप तोंड फिरवतो, ती घर सोडते. सत्यवान दोन्ही पाय गमावतो, तरी शंपा त्याला सोडत नाही. सत्यवान हे नाव लेखिकेने उगाच दिलेलं नाही. वटपौर्णिमेच्या कथेतली सावित्री व्रतवैकल्यांनी बांधलेली आहे, आणि इथली सावित्री सगळे संकेत धुडकावून आलेली आहे. निष्ठा दोघींची सारखीच. आधुनिक मुलीवर रागावलेल्या लेखिकेने सत्यवतीचा हट्ट नेमका त्याच आधुनिक मुलीच्या अंगी घातला. शंपाचं कथानक भडक आहे, योगायोगांवर चालतं, हे मला मान्य आहे. पण त्या भडकपणातही पणजीचं रक्त ओळखू येतं.

बकुलची कथा शोधत पुस्तकात शिरलेल्या वाचकाला मी आधी पारुलची प्रकरणं वाचायला सांगेन. मुलं दूर, नवरा गेलेला, समोर गंगा, आणि हातात एक वही. पारुल लहानपणापासून कविता करते. त्या ती कुणाला दाखवत नाही, छापायला देत नाही. लग्नानंतर संशयी नवऱ्याच्या नजरेखालीही ती लिहीत राहिली होती. बकुल दुसऱ्यांचं लिहून नाव मिळवते, पारुल आपलंच लिहिते आणि कुठेही पाठवत नाही. सुवर्णाचं लेखन दोघींकडे अर्धं अर्धं वाटलं गेलं आहे. घरातून निघून आलेल्या शंपाला थारा देते तीही पारुलच. कुठला उपदेश नाही की विचारपूस नाही. या बहिणी एकत्र येतात ती पानं पहिल्या दोन पुस्तकांच्या तोडीची आहेत. तिथे लेखिकेचा आवाज खाली येतो, वाद थांबतो, आणि दोन पोक्त बायका आईबद्दल बोलतात. आशापूर्णा देवींनी पारुलवर चौथी कादंबरी लिहायला हवी होती, असं मला मनापासून वाटतं. ‘बकुलकथे’च्या गर्दीत ती दाटीवाटीने उभी आहे, आणि तिच्याजवळ सांगायला पुष्कळ होतं.