धार कोणाच्या स्वाधीन? : सेफ्टी रेझरच्या काही अपवादात्मक रचनांचे परीक्षण

नित्याच्या वापरातील वस्तूंचा इतिहास बहुधा त्यांतील विजयी वस्तूच्या बाजूने लिहिला जातो. जिचा प्रसार झाला ती रचना स्वाभाविक, आणि जिचा झाला नाही ती विक्षिप्त, अशी विभागणी लिहिणाऱ्याच्याही नकळत होऊन जाते. भाषेच्या अभ्यासात हा दोष परिचयाचा आहे. प्रमाण म्हणून मान्यता पावलेले रूप हेच मूळचे आणि बोलीतील रूप म्हणजे त्याचा अपभ्रंश, हा समज पुष्कळ काळ टिकून राहिला; वस्तुतः दोन्ही रूपे एकाच काळी शेजारी शेजारी नांदत असतात आणि त्यांतील एकाच्या वाट्याला मान्यता येते ती भाषेबाहेरील कारणांनी. सेफ्टी रेझरच्या इतिहासातही नेमके हेच घडले आहे. जिलेट यांचे दुधारी, पातळ, टाकाऊ पाते हे या इतिहासाचे प्रमाण रूप ठरले. बाकीच्या रचना संग्राहकांच्या कपाटात ‘विलक्षण’ या शिक्क्याखाली गेल्या. हा शिक्का कितपत न्याय्य आहे, याचा विचार येथे कर्तव्य आहे.

आरंभ शब्दापासून करणे सोयीचे. संस्कृतातील ‘क्षुर’ आणि फारसीतील ‘उस्तरा’ या शब्दापासून आलेला मराठी ‘वस्तरा’ हे दोन्ही शब्द एका अखंड वस्तूचा निर्देश करतात. मूठ आणि धार मिळून वस्तरा होतो. ही वस्तू वापरणाऱ्याकडून दोन भिन्न कौशल्यांची अपेक्षा करते: एक, ती चेहऱ्यावर इजा न करता फिरवणे, दुसरे, तिची धार दगडावर लावणे आणि चामड्याच्या पट्ट्यावर राखणे. ‘सेफ्टी रेझर’ या नावातील ‘सेफ्टी’ केवळ पहिल्या कौशल्याशी संबद्ध आहे. त्वचा कापली जाऊ नये, एवढाच त्याचा वाच्यार्थ. परिणामी या साधनाचा इतिहास म्हणजे धारेपुढे बसवलेल्या आडोशाचा इतिहास, अशी समजूत रूढ झाली. दुसरे कौशल्य कोणी सांभाळायचे, हा प्रश्न नावात नसल्यामुळे विवेचनातूनही निसटला. अपवादात्मक म्हणून गणल्या गेलेल्या अनेक रचना या निसटलेल्या प्रश्नाचीच उत्तरे आहेत, हे ध्यानी घेतल्यावाचून त्यांचे मूल्यमापन होऊ शकत नाही.

आडोशाची कल्पना जिलेट यांच्याहून सव्वाशे वर्षांनी जुनी आहे. पॅरिसमधील शस्त्रकार झां-झाक पेरे यांनी १७६९ मध्ये स्वतःची दाढी स्वतः करण्याच्या कलेवर ग्रंथ लिहिला आणि सुताराच्या रंध्यावरून सुचलेला वस्तरा त्यात मांडला. लाकडी आवरणातून पात्याची कड किंचितच बाहेर राहावी, ही त्यातील योजना. पुढे १८४७ मध्ये इंग्लंडमधील विल्यम सॅम्युअल हेन्सन यांनी पाते मुठीला काटकोनात बसवले आणि आपल्या पेटंटात या आकाराची तुलना साध्या कुदळीशी केली. बाष्पशक्तीवर उडणाऱ्या विमानाचा आराखडा करणारे ते हेच हेन्सन. रंधा आणि कुदळ ही दोन उपमाने लक्षणीय आहेत. पेरे यांनी धार किती बाहेर दिसावी याचा विचार केला, हेन्सन यांनी हाताने ती कशी धरावी याचा. आजही दाढीचे साधन या दोन उपमानांच्या संयोगानेच बनलेले असते. मात्र दोघांनीही धार राखण्याचे काम वापरणाऱ्याकडेच ठेवले होते.

न्यूयॉर्कमधील काम्फे बंधूंनी १८८० मध्ये पेटंट घेतलेला आणि ‘स्टार’ या नावाने विकला गेलेला रेझर हा या परंपरेतील पहिला मोठा व्यापारी प्रयत्न होय. फेस साठवणारे पन्हळीसारखे डोके, पुढे आडपट्टी आणि आत वस्तऱ्याच्या पात्याचाच आखूड तुकडा, अशी त्याची रचना होती. ऑलिव्हर वेंडेल होम्स या अमेरिकन लेखकाने १८८७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या युरोपच्या प्रवासवर्णनात त्याची प्रशंसा केली आहे. परंतु हे जाड पाते वेगळ्या दांडीत अडकवून पट्ट्यावर फिरवावेच लागे. पहिले कौशल्य यंत्राने उचलले होते. दुसरे अद्याप माणसाच्या हातीच होते.

जिलेट यांच्या कार्याचे खरे स्वरूप या पार्श्वभूमीवर स्पष्ट होते. त्यांनी आडोसा शोधला नाही. बाटल्यांची बुचे करणाऱ्या कंपनीचे विक्रेते असताना, एकदा वापरून टाकण्याजोगी वस्तू शोधण्याचा सल्ला त्यांना विल्यम पेंटर यांच्याकडून मिळाला होता. १८९५ मध्ये सुचलेली कल्पना प्रत्यक्षात उतरली ती विल्यम निकरसन या अभियंत्यामुळे, कारण पातळ पोलादी पत्र्याला पाणी आणि धार देण्याची अवघड प्रक्रिया त्यांनी सिद्ध केली. १९०१ मध्ये बोस्टन येथे कंपनी स्थापन झाली. १९०३ या विक्रीच्या पहिल्या वर्षी ५१ रेझर आणि १६८ पाती विकली गेली. पुढल्याच वर्षी रेझरांची संख्या नव्वद हजारांवर पोहोचली आणि पेटंटही मिळाले. पाते धारेला लावण्याची किंवा पट्ट्यावर फिरवण्याची गरज नाही, हाच जाहिरातींतील मुख्य दावा होता. म्हणजे दुसरे कौशल्य माणसाकडून काढून घेऊन कारखान्याकडे सोपवले गेले. ‘सुरक्षितता’ या शब्दाला येथे एक नवा, अनुच्चारित अर्थ प्राप्त झाला: उत्पादकाच्या उत्पन्नाची सुरक्षितता.

तथापि हे हस्तांतर त्या काळी सर्वांना अपरिहार्य वाटले नव्हते, याचा पुरावा म्हणजे ज्यांना विलक्षण म्हटले जाते त्या रचना. तलवारी बनवणाऱ्या विल्किन्सन कंपनीने सात पात्यांचे संच विकले. प्रत्येक पात्यावर आठवड्यातील एकेका वाराचे नाव कोरलेले असे. ही नुसती हौस नव्हे. जाड पात्याची धार राखण्याचे काम सात पात्यांवर वाटून देण्याची ती पद्धत होती. हेन्री गाइसमन यांच्या ‘ऑटोस्ट्रॉप’मध्ये चामड्याचा पट्टा रेझरच्या डोक्यातूनच ओवला जाई आणि रेझर पुढे-मागे ओढला की पाते आपोआप उलटसुलट होऊन पट्ट्यावर घासले जाई. नावातील ‘ऑटो’ आणि ‘स्ट्रॉप’ हे दोन घटक या मध्यम मार्गाचे अचूक वर्णन करतात: पट्टा राहतो, कसब जाते. इंग्लंडमधील ‘रोल्स रेझर’ याहून पुढे गेला. त्याच्या चपट्या धातूच्या पेटीला दोन झाकणे. एकात धारेचा दगड, दुसऱ्यात चामडे. आतील दांडी पुढे-मागे सरकवली की पाते खटखट आवाज करीत पालथे होत जाई आणि दोन्ही बाजूंनी धारेला लागे. एकच पाते वर्षानुवर्षे पुरावे, ही त्यामागील प्रतिज्ञा होती.

या रचनांचे परीक्षण करताना भाबडा कैवार टाळला पाहिजे. रोल्सची पेटी जड होती, पाते काढून मुठीला बसवण्याचा खटाटोप रोजचा होता आणि दगड बेताने न वापरल्यास धार सुधारण्याऐवजी बिघडण्याची शक्यता असे. सात पात्यांचा संच मध्यमवर्गाला परवडणारा नव्हता. ऑटोस्ट्रॉपचे पाते पातळ असल्यामुळे त्याला आयुष्य लाभे, पण अमर्याद नव्हे. तरीही त्यांचा पराभव यांत्रिक दोषांनी झाला, असे म्हणणे धाडसाचे ठरेल. पहिल्या महायुद्धात अमेरिकी सरकारने सैनिकांसाठी सुमारे ३५ लाख जिलेट रेझर खरेदी केले. लक्षावधी तरुणांची सवय त्या एका निर्णयाने घडली. प्रमाण रूप ठरण्यास व्याकरणापेक्षा शाळा आणि कचेरी जशी कारण होते, तसाच हा प्रकार. रोल्सची अखेर तर अधिकच बोलकी आहे. १९६० च्या सुमारास त्या नावाची कंपनी धुलाईयंत्रे विकू लागली होती आणि १९६४ मध्ये ती कोसळली.

सर्वच अपवाद मात्र एका जातीचे नाहीत, आणि संग्राहकांच्या वर्गीकरणातील मुख्य उणीव हीच आहे. जर्मनीतील झोलिंगेन येथील मेर्कूर, मुल्कुटो आदींच्या तिरप्या रेझरमध्ये पाते किंचित पिळून तिरके बसवले जाते, त्यामुळे केस समोरून ठोकला न जाता कडेने चिरत जातो. गिलोटिनच्या तिरप्या पात्याचे तत्त्व हेच. येथे प्रश्न धार कोणी राखावी हा नसून ती केसाला कोणत्या कोनातून भेटावी हा आहे, आणि तो यांत्रिकदृष्ट्या खरा प्रश्न आहे. याउलट विसाव्या शतकाच्या मध्यास अमेरिकेत निघालेला ‘स्टाली लाइव्ह ब्लेड’ मुठीत घड्याळाप्रमाणे चावी देण्याचे यंत्र बाळगीत असे व त्याने पाते थरथरत राही. त्याने कोणता अडलेला प्रश्न सोडवला, हे सांगणे कठीण. त्याला विक्षिप्त म्हणण्यास हरकत नसावी. सैन्यातील अधिकारी जेकब शिक यांचा १९२६ चा ‘मॅगझिन रिपीटिंग रेझर’ तिसऱ्या प्रकारात मोडतो. बंदुकीत काडतुसे भरावीत तशी त्यात पाती भरलेली असत आणि बोट न लावता नवे पाते पुढे सरकवता येई. रंधा आणि कुदळ या कारागीर व शेतकऱ्यांच्या उपमानांची जागा येथे शस्त्राने घेतली. धार राखण्याची कल्पनाच या उपमानात शिल्लक राहत नाही. काडतूस झाडले की संपले.

जिलेट यांचे रूप प्रमाण ठरल्यावरही वापरणाऱ्यांनी ते मुकाट्याने स्वीकारले, असे दिसत नाही. टाकाऊ म्हणून विकलेले पाते काचेच्या पेल्याच्या आतल्या बाजूवर घासून आणखी काही दिवस चालवण्याची युक्ती देशोदेशी प्रचलित झाली आणि अशा पात्यांना धार देणारी लहानसहान यंत्रेही बाजारात आली. कारखान्याने काढून घेतलेले काम घराघरांतून परत मिळवण्याची ही धडपड होती. कंपनीलाही माणसामाणसांतील भेदाची दखल घ्यावी लागली. १९५८ मध्ये तिने आणलेल्या रेझरवर कडे फिरवून एक ते नऊ अंकांपर्यंत पात्याची उघडीक कमीजास्त करता येई. ज्याला अपवाद म्हणून बाजूस सारले, त्याची मागणी अशा रीतीने प्रमाण रूपाच्या पोटात शिरली.

याहून महत्त्वाची घटना १९३० ची. त्यापूर्वी जिलेट पात्याला मध्ये तीन गोल छिद्रे असत. गाइसमन यांच्या नव्या पात्यावरून दोन कंपन्यांत पेटंटाचा वाद पेटला आणि त्याची अखेर दोन्ही कंपन्यांच्या विलीनीकरणात झाली. दुधारी पात्याच्या मध्यभागी आज दिसणारी लांब फट ही त्या काळाची खूण आहे. पराभूत मानलेल्या ऑटोस्ट्रॉपच्या कर्त्याचा ठसा विजयी पात्याच्या ऐन मध्यावर उमटलेला आहे, ही गोष्ट इतिहासकारांनी पुरेशा गांभीर्याने घेतलेली नाही.

या फटीचे मोल आज अधिक आहे. मूळ पेटंटाची मुदत १९२१ मध्ये संपल्यानंतर दुधारी पाते हळूहळू सर्वांचे झाले. कोणत्याही कारखान्याचे पाते कोणत्याही मुठीत बसते. १९७१ मध्ये जिलेट कंपनीने दोन पात्यांचे बंद खोके असलेला रेझर आणला, आणि तेव्हापासून मूठ ज्या कंपनीची, खोकेही तिचेच, असा बंध पुन्हा दृढ झाला. पेरे यांच्यापासून आजवरच्या अडीचशे वर्षांत धार वापरणाऱ्याच्या हातातून कारखान्याकडे, आणि कारखान्याकडून एकेका मालकाच्या कुलपात गेली. रोल्सची खटखटणारी पेटी, वारांची नावे ल्यालेली सात पाती आणि डोक्यातून पट्टा ओवणारा ऑटोस्ट्रॉप यांचे वाचन या प्रवासाच्या संदर्भात व्हावयास हवे. त्या सगळ्याच रचना श्रेष्ठ होत्या, असा निष्कर्ष येथे अभिप्रेत नाही. धार राखण्याचा अधिकार कोणाचा, हा प्रश्न त्यांनी उघडपणे विचारला, आणि प्रमाण रूपाने तो बंद केला, एवढे मात्र निश्चित म्हणता येते. ‘विलक्षण’ हे विशेषण अशा वस्तूंना लावण्यापूर्वी, लक्षण कोणी ठरवले हे आधी विचारले पाहिजे.