पटलाच्या दोन बाजू

पीटर मिचेल यांचा जुलै 1961 मध्ये ‘नेचर’मध्ये आलेला निबंध पाच पानांत संपतो. तो प्रयोगाचा अहवाल नाही, एका तर्काची मांडणी आहे, आणि त्याची सारी गोडी त्या मांडणीत आहे. अन्नातून निघालेले इलेक्ट्रॉन पेशीतल्या तंतुकणिकेत हातोहात ऑक्सिजनपर्यंत पोचतात आणि त्या ओघात एटीपी हे ऊर्जेचे चलन तयार होते, एवढे तोवर कळले होते. अडले होते ते मधल्या दुव्यापाशी. इलेक्ट्रॉनांची ऊर्जा एटीपीत उतरवणारा एखादा रेणू असणारच, असे बहुतेक जण धरून चालले होते. वर्षानुवर्षे शोधूनही तो हाती लागत नव्हता.

निबंध सुरू होतो तो याच अडचणींच्या नोंदीने. रेणू सापडत नाही. एटीपी बनवण्याचे काम नेहमी तंतुकणिकेच्या पटलाशीच बांधलेले दिसते. डायनायट्रोफिनॉल घातले की श्वसन जोरात चालते, पण एटीपी बनत नाही. ही निरीक्षणे सगळ्यांच्या समोर होती. मिचेल यांनी त्यांतले पटल उचलले आणि मधोमध ठेवले. पटलाला दोन बाजू असतात. इलेक्ट्रॉन पुढे सरकताना प्रोटॉन, म्हणजे हायड्रोजनचे आयन, एका बाजूला कमी होतात आणि दुसऱ्या बाजूला साठतात. पटल त्यांना सहजी परत येऊ देत नाही. परतीची वाट एटीपी घडवणाऱ्या विकरातून जाते. मग हरवलेल्या रेणूची गरजच उरत नाही. डायनायट्रोफिनॉलचे कोडेही सुटते: ते पटलाच्या स्निग्ध थरातून प्रोटॉनना परस्पर पलीकडे नेते, आणि साठा वाया जातो. मला हा परिच्छेद निबंधातला सर्वात देखणा वाटतो. नवे काही न आणता, जुन्याच गोष्टींची जागा बदलून त्याने उत्तर काढले आहे.

या साठ्याला धरणाची उपमा सगळेच देतात. ती अपुरी आहे. प्रोटॉनला विद्युतभार असतो, त्यामुळे इथे आम्लतेच्या फरकाबरोबर विजेचा दाबही असतो, आणि तंतुकणिकेत जास्त वाटा त्याचाच. पटलाच्या दोन बाजूंतला फरक सुमारे 150 ते 180 मिलिव्होल्ट, घड्याळातल्या सेलच्या जेमतेम दशांश. पण पटलाची जाडी पाच-सहा नॅनोमीटर. हिशोब मीटरवर नेला तर तीन कोटी व्होल्टच्या आसपास जातो. याच ओढीने कॅल्शियमचे आयन आत खेचले जातात, आणि तयार एटीपी बाहेर पाठवून त्याचा कच्चा माल असलेले एडीपी आत घेण्याची अदलाबदलही तिच्याच जोरावर चालते.

विकराच्या आत नेमके काय घडते याचे जे चित्र मिचेल यांनी काढले, ते पुढे टिकले नाही. ते विकर फिरते. प्रोटॉनांच्या ओघाने त्याचा दांडा गरगरतो, आणि दांडा फिरतो हे 1997 मध्ये जपानी संशोधकांनी सूक्ष्मदर्शकाखाली प्रत्यक्ष पाहिले. मूळ कल्पनेला याने धक्का लागला नाही. मिचेल यांना 1978 चे नोबेल मिळाले, तेव्हा त्यांनी भाषणाच्या शीर्षकातच डेव्हिड कीलिन यांचे नाव घातले. इलेक्ट्रॉन वाहणारी सायटोक्रोमची साखळी कीलिन यांनी केंब्रिजमध्ये उलगडली होती.

त्या साखळीवर मराठी हातही फिरला आहे. दुर्गाबाई भागवतांच्या धाकट्या भगिनी कमला भागवत, म्हणजे पुढच्या कमला सोहोनी, केंब्रिजला रॉबिन हिल यांच्याकडे काम करत होत्या. प्राण्यांच्या पेशीतले सायटोक्रोम ऑक्सिडेज सपुष्प वनस्पतींतही असते, हे सांगणारे हिल आणि भागवत यांचे टिपण 1939 मध्ये ‘नेचर’मध्येच छापून आले. त्याच वर्षी मिचेल विद्यार्थी म्हणून केंब्रिजला दाखल झाले. ऑक्सिजनला इलेक्ट्रॉन देणारा साखळीचा शेवटचा दुवा म्हणजे हे सायटोक्रोम ऑक्सिडेज. मिचेल यांचा निबंध झाडाच्या मुळालाही लागू पडतो असे वाचताना आपण ज्या भरवशावर चालतो, त्यात या टिपणाचा वाटा आहे. आपल्याकडे बाईंच्या बेंगळुरूमधल्या प्रवेशाची हकीकत पुष्कळ सांगितली जाते. त्यांच्या या कामाबद्दल त्याहून जास्त बोलायला हवे.

मुळातली ही साखळी अडली की काय होते, ते शेतात दिसते. वर्धा जिल्ह्यातल्या तळेगाव (श्यामजी पंत) परिसरातल्या काळ्या जमिनीत झड लागली की वाफसा जातो आणि पाण्यात उभी पऱ्हाटी सुकते. मातीतल्या पोकळ्यांत पाणी शिरले की ऑक्सिजन हटतो. शेवटच्या दुव्यापाशी इलेक्ट्रॉन घेणारे कोणी उरत नाही, साखळी तुंबते, प्रोटॉनांचा साठा ओसरतो. ग्लुकोजच्या एका रेणूमागे तीसेक एटीपी मिळायचे, तिथे आंबवण्यातून दोनच मिळतात. मुळाच्या पेशीचे बाहेरचे पटलही स्वतःचे प्रोटॉन बाहेर ढकलूनच नत्र-पालाशाचे आयन आत घेते, आणि त्या पंपाला एटीपी लागते. म्हणून खत टाकलेले असूनही पान पिवळे पडते. पेशीच्या आतला रस आंबट होतो, त्याने पाण्याच्या वाटाही मिटतात.

मिचेल यांच्या शेवटच्या परिच्छेदाचा आशय असा, की चयापचयामुळे पदार्थांची ने-आण होते तशीच ने-आणीमुळे चयापचयही होऊ शकते, आणि दोन्ही एकाच क्रियेची अंगे मानता येतील. पऱ्हाटीच्या मुळात हे दोन्ही बाजूंनी दिसते. तंतुकणिकेत प्रोटॉनांच्या परतीतून एटीपी घडते, आणि पेशीच्या सीमेवर तेच एटीपी मोडून प्रोटॉन पुन्हा बाहेर जातात. शेतात चर खोदून पाणी काढून दिले, की ऑक्सिजन आधी या साखळीपाशी पोचतो.