पडद्यावरच्या आरमारातले वल्हेकरी

‘थ्री हंड्रेड : राइज ऑफ ॲन एम्पायर’च्या शेवटच्या लढाईत अथेन्सचा सेनापती थेमिस्टोक्लीस घोड्यावर स्वार होतो. सालामिसच्या सामुद्रधुनीत, पेटलेल्या जहाजांवरून उड्या घेत तो घोडा पर्शियन बाजूच्या आर्टेमिसियाच्या जहाजावर जाऊन थडकतो. दृश्य डोळे दिपवणारं आहे, यात शंका नाही. पण प्राचीन जगातल्या एका प्रचंड आरमारी लढाईचा निकाल लावायला दिग्दर्शकाला घोडा लागावा, यातच या जातीच्या चित्रपटांची आजची अवस्था कळते. जहाजानं जहाजाशी लढायचं कसं, हेच त्यांना सुचेनासं झालं आहे.

नोआम मुरोचा हा चित्रपट २०१४चा. बल्गेरियातल्या स्टुडिओत निळ्या पडद्यासमोर तो चित्रित झाला आणि समुद्र नंतर संगणकावर आला. माझी तक्रार संगणकाबद्दल नाही. तक्रार आहे ती त्या पाण्याला काही कामच नसण्याबद्दल. ते कुणाची वाट अडवत नाही, कुणाला साथ देत नाही. एकदाच, धुक्यात पर्शियन जहाजांना खडकांच्या घळीत ओढून आणण्याच्या प्रसंगात, समुद्राचा भूगोल कथेला वळण देतो आणि तेवढ्यापुरती पडद्यावर जान येते. लगेच ग्रीक सैनिक कड्यावरून उड्या टाकतात, तलवारी संथ गतीत फिरू लागतात, रक्त कॅमेऱ्याच्या भिंगाकडे उडतं. जहाजाचा डेक मग केवळ हलती रणभूमी उरतो.

इसवी सनापूर्वी ४८०मधल्या या ग्रीक-पर्शियन युद्धाचं मुख्य शस्त्र तलवार नव्हतंच. ते होतं ट्रायरीम हे जहाज. लांबी सुमारे ३७ मीटर, तीन थरांत बसलेले १७० वल्हेकरी, आणि पुढच्या टोकाला पाण्याच्या रेषेवर ब्राँझचा सुळा. शत्रूच्या कुशीत तो सुळा घुसवायचा आणि अडकून पडण्याआधी उलटी वल्ही मारून बाहेर काढायचा. यात एका बाजूची लय जराशी चुकली तरी घात. इस्रायलच्या अथलित किनाऱ्याजवळ १९८०मध्ये असा एक सुळा सापडला. तो सालामिसनंतरच्या काळातला आहे, वजन ४६५ किलो. एवढा धातू वेगानं फळ्यांवर आदळतो तेव्हा आत बसलेल्या माणसाला काय वाटत असेल, हे दाखवणं सिनेमाचंच काम.

ही जहाजं चालतात कशी, हे समजून घ्यायला १९८७ साली ग्रीसमध्ये ‘ऑलिंपियास’ नावाची ट्रायरीम नव्यानं बांधून पाण्यात उतरवली गेली. ती वल्हवणाऱ्या स्वयंसेवकांना अनुभव आला तो कोंदटपणाचा, घामाचा, सतत लागणाऱ्या पिण्याच्या पाण्याचा. आणि वल्ह्यांच्या गदारोळात दिलेली आज्ञा दुसऱ्या टोकापर्यंत पोचत नाही, याचाही. ध्वनिसंयोजकानं हरखून जावं असा हा ऐवज आहे. ग्रीक इतिहासकार थ्युसिडिडीसनं नोंदवलेली एक गोष्ट तर तयार दृश्यच आहे: पेलोपोनीझच्या युद्धात एका मोहिमेवर निघालेले खलाशी आपापलं वल्हं, बसायची गादी आणि वल्हं बांधायचा चामडी पट्टा घेऊन कॉरिंथकडून मेगाराच्या बंदराकडे पायी गेले. खलाशांची अशी पायपीट एखाद्या मोठ्या चित्रपटात आलेली मला आठवत नाही.

खालच्या थरातल्या माणसाकडे खरं लक्ष दिलं ते विल्यम वायलरच्या १९५९च्या ‘बेन-हर’नं. ढोलाचा ठोका वाढत जातो, जॅक हॉकिन्सचा अ‍ॅरियस शांतपणे वेग वाढवायला सांगतो, आणि चार्ल्टन हेस्टनचे डोळे त्याच्यावरून हटत नाहीत. इतिहास म्हणून ते चुकीचं आहे. रोमन आरमारात साखळदंडातले गुलाम हा काही नेम नव्हता. बाहेरची लढाई छोट्या प्रतिकृतींची, आज ती उघडी पडते. तरीही तो प्रसंग जुना होत नाही, कारण युद्ध आपल्याला माणसाच्या दंडांतून कळतं. २०१६च्या ‘बेन-हर’मध्ये तिमुर बेकमाम्बेतोव्हनं कॅमेरा जहाजाच्या पोटात ठेवला. त्या पडेल चित्रपटातला तेवढाच भाग लक्षात राहतो.

याचा राजकीय अर्थही आहे, आणि मुरोच्या चित्रपटानं तो हातचा घालवला याचं मला फार वाईट वाटतं. लॉरियनच्या खाणीत चांदी लागली तेव्हा ती नागरिकांत वाटून न टाकता जहाजं बांधा, असं थेमिस्टोक्लीसनं अथेन्सच्या सभेला पटवलं. ती जहाजं वल्हवायला लागले हजारो लोक, बरेचसे जमीन नसलेले गरीब नागरिक. नगर त्यांच्या बळावर वाचलं आणि पुढे त्यांचा शब्द सभेत वजनदार झाला. चित्रपटात स्वातंत्र्यावर भाषणं पुष्कळ. पण ज्यांच्या हातून ते टिकलं त्यांच्या चेहऱ्यांवर कॅमेरा क्षणभरापलीकडे रेंगाळत नाही. लढाईच्या आदल्या रात्रीचंही तेच. ग्रीक पळ काढणार असा खोटा निरोप थेमिस्टोक्लीसनं सिकिन्नस नावाच्या आपल्या गुलामाकरवी शत्रूला पोचवला; वाटा अडवायला पर्शियन आरमार रात्रभर वल्ही मारत राहिलं आणि थकल्या हातांनी सकाळी चिंचोळ्या पाण्यात शिरलं. यापेक्षा चांगली पटकथा कोण लिहील?

मुरोचा चित्रपट आला त्याच वर्षी कोरियात किम हान-मिनचा ‘द अ‍ॅडमिरल : रोअरिंग करंट्स’ आला. १५९७मधली म्योंगन्यांगची लढाई, सेनापती यी सुन-शिन, पडद्यावर बारा जहाजं विरुद्ध जपानची तीनशे तीस. जपानी पात्रं ठोकळेबाज आहेत, देशभक्तीचा सूर चढा आहे. पण प्रवाह कधी फिरणार हा तिथं कथेचा कणा आहे, आणि जहाजाच्या पोटातले वल्हेकरी तिथं माणसं आहेत. कोरियात त्यानं गर्दीचे विक्रम मोडले. प्रेक्षकाला पाण्याचं गणित झेपत नाही, ही सबब त्यानंतर चालू नये.

मुरोच्या चित्रपटात एव्हा ग्रीननं आर्टेमिसिया जीव ओतून केली आहे, पण पटकथेनं तिला दिली ती सूडाची रेडिमेड कहाणी. खरी आर्टेमिसिया हॅलिकार्नाससची राणी, पाच जहाजं घेऊन आपण होऊन आलेली, आणि समुद्रावर लढू नका असं पर्शियाचा राजा झर्क्सीझला बजावणारी. सालामिसला अथेन्सचं एक जहाज तिच्या पाठी लागलं, पुढे स्वतःच्याच पक्षाची गर्दी. तिनं सरळ मित्राच्या, कॅलिंडाच्या राजाच्या जहाजाला धडक दिली. पाठलाग करणाऱ्याला वाटलं ही आपल्यातलीच, तो वळला. टेकडीवरून पाहणाऱ्या झर्क्सीझला वाटलं तिनं शत्रू बुडवला. आणि ही धडक ज्यांच्या हातांनी बसली त्या वल्हेकऱ्यांपैकी बहुतेकांना खाली बसून समोरचं जहाज कुणाचं, हे दिसतही नसणार. एका वळणात सामावलेली ही सगळी लढाई टाकून पटकथेनं तिला थेमिस्टोक्लीसच्या तलवारीनं मारलं. हेरोडोटसच्या इतिहासात ती सालामिसहून जिवंत परतते, आणि झर्क्सीझ आपली मुलं सुखरूप इफिससला न्यायला तिच्याच हवाली करतो.