रॉकेटची विनामूल्य पुस्तिका आणि यवतमाळची शाळा

अमेरिकेच्या 'नासा' या संस्थेने 1996 साली शिक्षकांसाठी 'रॉकेट्स' ही मार्गदर्शक पुस्तिका प्रसिद्ध केली. 2008 मध्ये तिची सुधारित आवृत्ती निघाली. पुस्तिका विनामूल्य मिळते, म्हणून विज्ञान प्रदर्शन जवळ आले की दारव्हा, पुसद किंवा वणीच्या शिक्षकानेही ती उघडावी हे साहजिक आहे. मात्र विनामूल्य मिळणारी प्रत्येक गोष्ट जशीच्या तशी उपयोगी असते असे नाही. येथे 1996च्या आवृत्तीचा विचार केला आहे.

पुस्तिकेचा सर्वांत मोठा गुण म्हणजे तिच्यात कोठेही दारू भरायची नाही. छांदिष्टांसाठीच्या इतर अनेक आराखड्यांत कारखान्यात बनवलेले घन इंधनाचे छोटे इंजिन गृहीत धरलेले असते. अमेरिकेत अशी इंजिने दुकानात मिळतात; आपल्याकडे ती सहजी मिळत नाहीत. मग काड्यापेटीचे गूल किंवा फटाक्याची दारू नळीत ठासण्याची कल्पना एखाद्या उत्साही मुलाच्या डोक्यात येते. ती शिक्षकाने तेथेच थांबवली पाहिजे. घन इंधनावर डॉ. वसंत गोवारीकरांसारख्या शास्त्रज्ञांनी केरळात थुंब्याच्या केंद्रात वर्षानुवर्षे काम केले. ते शाळेच्या व्हरांड्यात करण्याचे काम नव्हे. 1884च्या स्फोटक कायद्यानेही त्यावर बंधन आहे, आणि त्याची अंमलबजावणी पाहणाऱ्या केंद्रीय संघटनेचे मुख्यालय आपल्या शेजारी नागपूरलाच आहे. नासाची पुस्तिका कागद, फुगा, फसफसणारी गोळी आणि पाणी यांवरच भागवते, हे तिचे शहाणपण.

आता उणिवा. फसफसणाऱ्या गोळीच्या प्रयोगाला कॅमेऱ्याच्या फिल्मची डबी लागते. ती आता बाजारातून गेली. तिच्याऐवजी आत दाबून बसणारे झाकण असलेली, औषधाच्या गोळ्यांची प्लॅस्टिकची नळी चालते. पाण्याच्या रॉकेटचा उड्डाणतळ बनवायला लोखंडी कोन, बोल्ट, विशिष्ट मापाचे रबरी बूच आणि विजेवर चालणारे ड्रिल सांगितले आहे. त्यातील ट्यूबलेस टायरचा व्हॉल्व्ह पंक्चरच्या दुकानात मिळेल. बाकीच्यासाठी गावातल्या सुताराला किंवा वेल्डरला गाठावे.

एक इशारा मात्र पुस्तिकेत असण्याची शक्यताच नव्हती. 2017च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात कीटकनाशक फवारताना विषबाधा होऊन शेतकरी आणि शेतमजूर दगावले. कीटकनाशकाची रिकामी बाटली, कितीही धुतली तरी, रॉकेटसाठी घेऊ नये. थंड पेयाची दोन लिटरची, ओरखडा न पडलेली बाटलीच घ्यावी.

माझा मुख्य आक्षेप वेगळा आहे. पुस्तिकेतील शेवटच्या मोठ्या प्रकल्पात विद्यार्थी 'कंपन्या' स्थापन करतात, दहा लाख खोट्या डॉलरच्या अंदाजपत्रकातून सामान विकत घेतात, हिशेब ठेवतात. गंमत आहे; पण या व्यवहारात रॉकेट वर का जाते, हा प्रश्न मागे पडतो. याच पुस्तिकेत उंची मोजण्याचे सुंदर साधन आधीच दिले आहे. त्याचा उपयोग केवळ 'कोणाचे उंच गेले' हे ठरवण्यापुरता का ठेवायचा?

आपण असे करावे. एकच बाटली, एकच दाब. फक्त पाणी बदलायचे : 200, 400, 600, 800 आणि 1000 मिलिलिटर. प्रत्येक मापाला तीन उड्डाणे. कोनमापकाला दोरा आणि वजन बांधून 30 मीटर अंतरावरून कोन घ्यावा. कोन 45 अंश आला, तर रॉकेट निरीक्षकाच्या डोळ्यांपासून 30 मीटर वर गेले. त्यात डोळ्यांची उंची मिळवावी. मग आलेख काढावा.

पाणी फार कमी असेल तर मागे फेकायला वस्तुमानच नाही. फार जास्त असेल तर दाबलेल्या हवेला जागा उरत नाही, म्हणजे ऊर्जा कमी साठते, शिवाय वजनही वाढते. सर्वांत चांगले माप मधेच कोठेतरी सापडते. ते शिक्षकाने आधी सांगू नये. न्यूटनचा तिसरा नियम पाठ असलेला विद्यार्थी येथे प्रथमच त्या नियमाशी झटापट करतो.

पुस्तिकेने घातलेली दाबाची मर्यादा, दर चौरस इंचाला 50 पौंड, म्हणजे सुमारे 3.4 वातावरण, कधीही ओलांडू नये. दाबमापक असलेलाच पंप वापरावा. दोरी ओढून दुरूनच उड्डाण करावे, डोळ्यांना चष्मा असावा. सोयाबीन निघाल्यावर मोकळे झालेले वावर आणि हिवाळ्याची शांत सकाळ यासाठी उत्तम. मे महिन्याच्या उन्हात तापलेली बाटली नको.

पुस्तिका अवश्य मिळवावी. तिच्यातील उड्डाणतळ आणि उंचीमापक घ्यावेत, कंपन्यांचा खेळ सोडून द्यावा. आणि प्रदर्शनात रॉकेटशेजारी तो पंधरा उड्डाणांचा आलेख टांगावा, फसलेल्या उड्डाणांच्या नोंदींसह. परीक्षकांनीही गुण देताना आधी आलेख पाहावा, मग रॉकेट.