उसनं वाक्य, उसनी आई



२०२४ च्या विधानसभेच्या प्रचारात आमच्या सारोळ्यात एक सभा झाली. उमेदवाराचं नाव घेत नाही, पक्षाचंही नाही. घेऊन फरक काय पडणार? सगळ्यांची भाषणं एकाच साच्यावर कातलेली. शेवटी त्यानं मूठ वर केली आणि म्हणाला, 'शिका, संघटित व्हा, संघर्ष करा!' टाळ्या पडल्या. आपली पोरं मात्र भडकली. रात्री समाजमंदिरापाशी एकच विषय. बाबासाहेबांचं वाक्य चोरलं, साधं नावसुद्धा घेतलं नाही!

मी गप्प होतो. त्या भाषणातली खरी चोरी वेगळीच होती, आणि चोरीचा माल मीच पुरवला होता.

झालं असं. प्रचारातला एक जण मागं लागला होता, 'तू कवी ना, चार ओळी दे की.' दिल्या. रातपाळी करून आल्यावर लिहिलेल्या, माझ्या आईवरच्या. पावसाळ्यात भोरकडच्या खाचरात लावणीला जाणारी आई, तिच्या पायाच्या चिखल्या, बांधावर गोणपाटात झोपवलेला मी. साहेबांनी मंचावरून ते जसंच्या तसं म्हटलं, फक्त 'माझी आई' म्हणून. त्याची आई खाचरापाशी गेली असेल ती मजुरांची हजेरी घ्यायला.

आता पोरांच्या आरोपाकडं येतो. समीक्षा करायची तर आधी चोरी कशाला म्हणायचं ते ठरवलं पाहिजे. शब्द उसने घेणं ही चोरी असेल तर आपली सगळी चळवळ तुरुंगात जाईल. शिकवा, चेतवा, संघटित करा हे तीन शब्द इंग्लंडमधल्या समाजवाद्यांत १८८० च्या दशकातच फिरत होते. १९२४ साली बहिष्कृत हितकारिणी सभा निघाली तिचं हेच ब्रीद होतं. जुलै १९४२ मध्ये नागपूरच्या दलित वर्ग परिषदेत बाबासाहेबांनी अखेरचा सल्ला म्हणून तेच सांगितलं. म्हणून बाबासाहेब चोर? असं म्हणणारे विद्वान भेटतात, त्यांना खुशाल म्हणू द्या. ज्यांना पाटी धरायची बंदी होती त्यांना 'शिका' म्हणणं आणि लंडनच्या मजुराला म्हणणं, हे एकच वाक्य नव्हे.

आणखी एक. नागपूरच्या त्या इंग्रजी भाषणात क्रम होता तो आधी शिक्षण, मग चेतवणं, मग संघटन. मराठीत येताना 'संघटित व्हा' मधे सरकलं आणि संघर्ष शेवटी गेला. हा बदल आपल्याच तोंडी झाला, मी त्याला चोरी म्हणणार नाही. पण डोकं ढवळून निघायच्या आधीच संघटित व्हायचं म्हटलं की मंचावरच्या माणसाची सोय होते. त्याच्या तोंडी 'संघटित व्हा' चा अर्थ एवढाच उरतो, की वस्तीची मतं एकगठ्ठा द्या.

बाबासाहेब उसनं कसं घ्यायचे तेही बघा. ४ नोव्हेंबर १९४८ ला घटना समितीत संविधानाचा मसुदा मांडताना त्यांनी ग्रोट या इतिहासकाराचा भला मोठा उतारा वाचला, नाव घेऊन. २५ नोव्हेंबर १९४९ च्या भाषणात, माणूस कितीही थोर असला तरी आपलं स्वातंत्र्य त्याच्या पायावर वाहू नका, हा इशारा दिला तो जॉन स्टुअर्ट मिलचं नाव घेऊन. कृतज्ञतेलाही हद्द असते हे सांगताना आयर्लंडच्या डॅनियल ओ'कॉनेलचं नाव घेतलं. ज्याची विद्वत्ता उभ्या सभागृहाला माहीत होती त्याला नाव घ्यायला कमीपणा वाटला नाही. आमच्या मंचावरचे त्याच भाषणातली वाक्यं उचलतात, आणि राजकारणातल्या भक्तीबद्दलचा तुकडा तेवढा गाळतात. खरा दरोडा तो.

आता अमेरिकेची गोष्ट. ऑगस्ट १९८७ मध्ये आयोवा राज्यात, राष्ट्राध्यक्षपदाच्या उमेदवारीसाठी उभे असलेले जो बायडन यांनी इंग्लंडच्या मजूर पक्षाचे नेते नील किनॉक यांचं भाषण जवळजवळ तसंच्या तसं ठोकलं. घराण्यात कॉलेजात जाणारा पहिला मीच, माझे पूर्वज कोळशाच्या खाणीत राबले, वगैरे. किनॉक यांचा बाप वेल्समधला खरोखरचा खाणकामगार. बायडन यांचे वडील मोटारी विकण्याच्या धंद्यात. आधीच्या सभांत बायडन किनॉक यांचं नाव घेत होते, त्या दिवशी घेतलं नाही. प्रतिस्पर्ध्याच्या माणसानं दोन्ही भाषणांची टेप वर्तमानपत्रांना पुरवली. २३ सप्टेंबरला बायडन शर्यतीतून बाहेर पडले. टेप पुरवणाऱ्यालाही पद सोडावं लागलं, ही गंमत वेगळी. पुढं २०२१ ते २०२५ बायडन राष्ट्राध्यक्षही झाले, म्हणजे हा डाग धुतला जातो.

तिथल्या पेपरांनी शब्द मोजले. मला विचाराल तर शब्द हा किरकोळ माल. त्या माणसानं घेतला तो दुसऱ्याचा बाप. आठ तास खाणीत काढून वर आलेल्या माणसांची काळी फुफ्फुसं आयती घेतली आणि स्वतःच्या घराण्याला लावली. हलवायाच्या घरावर तुळशीपत्र! किनॉकनं बापाची गोष्ट सांगितली ती आपल्या लोकांना वर काढायला. त्याच गोष्टीनं इथं एकटा माणूस वर चढायला बघत होता.

तेव्हा पोरांनो, 'शिका, संघटित व्हा' यावर भांडू नका. ते वाक्य सगळ्यांचं आहे, कुणीही म्हणावं, म्हणणाऱ्याला फक्त विचारावं, शिकवायला काय केलंस? भांडायचं तर आईवर भांडा.

आणि माझ्याशीही भांडा. त्या ओळी त्यानं खिशातून काढल्या नाहीत, मी हातानं दिल्या. मंचावरून आपली ओळ ऐकू येईल याची मला हाव सुटली होती. किनॉकला कुणी विचारलं नव्हतं, मला विचारलं होतं.

त्या सभेला आई पण होती, बायकांच्यात पुढं बसलेली. घरी आल्यावर चुलीपाशी बसता बसता म्हणाली, 'त्याच्या आईलाबी चिखल्या व्हायच्या व्हय रं?'

मी भाकरी खात होतो. हो म्हणालो.