जवळचा नाका, लांबचा रस्ता

समजा, हडपसरच्या माणसाला नाशिकला जायचंय. ‘शहराबाहेर पडायचं ना? मग सगळ्यात जवळच्या नाक्याने पड,’ असं त्याला सांगितलं, तर तो सोलापूर रस्त्याने लोणी काळभोरला पोचेल. शहराबाहेर पडला खरा, पण नाशिकसाठी आता मोठा वळसा! आयएस-आयएसमधला डिफॉल्ट रूट असाच चालतो.

मूळ ओएसआयसाठी केलेली ही रीत आरएफसी ११९५ ने डिसेंबर १९९० मध्ये आयपीसाठी उचलली. लेव्हल १ राउटरकडे फक्त आपल्या एरियाचा नकाशा असतो. दुसऱ्या एरियापर्यंत पोचणारा लेव्हल १-२ राउटर आपल्या लिंक-स्टेट पॅकेटमध्ये ‘अटॅच्ड’ बिट लावतो. आतले राउटर अशांपैकी सर्वांत जवळच्याकडे डिफॉल्ट रूट वळवतात.

आता आकडे मांडून बघा. तुमच्यापासून ‘अ’ नाका १० वर, ‘ब’ २० वर. तिथून मुक्काम ‘अ’कडून १०० वर, ‘ब’कडून २० वर. एकूण खर्च ११० आणि ४०. तरीही पॅकेट ‘अ’कडेच जाणार, कारण नाक्यापुढचा खर्च आत कळतच नाही.

माझा खरा आक्षेप मात्र वेगळा आहे. हा बिट ‘कुठेतरी पोचतो’ एवढंच सांगतो. कुठे, ते नाही. बॅकबोन दुभंगला आणि ‘अ’ एखाद्या तरी एरियापर्यंत पोचत असला, तर बिट तसाच राहतो. ‘ब’कडून वाट असूनही पॅकेट ‘अ’पाशी टाकलं जातं.

म्हणून रचना चुकीची म्हणायची का? नाही. आतल्या राउटरवरचा भार कमी ठेवायचा, तर माहिती लपवावीच लागते. ऑक्टोबर २००० च्या आरएफसी २९६६ ने निवडक रूट लेव्हल २ मधून लेव्हल १ मध्ये सोडायची सोय केली; ते परत वर जाऊन लूप होऊ नये म्हणून ‘अप/डाउन’ बिट दिला. २००८ च्या आरएफसी ५३०२ ने तीच सोय स्टँडर्ड्स ट्रॅकवर आणली. पण कोणते रूट सोडायचे, हा निर्णय नेटवर्क चालवणाऱ्यावरच राहिला. सगळेच सोडले, तर लेव्हल पाडून काय मिळवलं?

तेव्हा प्रपोजलमध्ये ‘लिंक-स्टेट म्हणजे शॉर्टेस्ट पाथ’ असं सरसकट लिहू नका. शॉर्टेस्ट, पण कुणाच्या नकाशात? व्हायव्हाला हा प्रश्न येण्याआधी तो स्वतःलाच विचारा. कदाचित तुमचा विषय तिथेच सापडेल.