ख्रिस्तपुराणातल्या त्या चार ओव्यांचा पत्ता

मराठीच्या थोरवीवर गोव्यात भाषण असलं की फादर स्टीफन्सच्या त्या ओव्या येणारच. खड्यांतलं रत्न, सुगंधात कस्तुरी, पाखरांत मोर, आणि भाषांत मराठी. शाळेच्या हस्तलिखितापासून साहित्य संमेलनाच्या स्मरणिकेपर्यंत मी त्या छापलेल्या पाहिल्या. ओवी क्रमांक त्यांत क्वचितच सापडतो. आवृत्तीचं नाव तर जवळपास नाहीच. आमच्या धंद्यात ड्रॉइंगवर रिव्हिजन नंबर नसेल तर साईटवर ते कोणी उघडतसुद्धा नाही. इतिहासाच्या लेखात मात्र चालतं!

आता या ओव्या शोधायच्या कशा ते पाहू. ख्रिस्तपुराणाची रचना सोपी आहे. दोन पुराणं, त्यांत अवस्वर, अवस्वरांत ओव्या. पैल्या पुराणात ३६ अवस्वर, दुसऱ्यात ५९. मंगळूरच्या १९०७ च्या साल्ढाना आवृत्तीप्रमाणे ओव्या अनुक्रमे ४,२९६ आणि ६,६६६, एकूण १०,९६२. आपल्या ओव्या पैल्या पुराणाच्या पहिल्याच अवस्वरात, १२० ओव्या ओलांडल्यावर लागतात. म्हणजे पुराण, अवस्वर, ओवी असे तीन आकडे आणि आवृत्तीचं नाव दिलं की पत्ता पुरा.

आवृत्तीचं नाव हवंच, कारण १६१६, १६४९ आणि १६५४ या तिन्ही जुन्या छपायांची एकही प्रत आज उपलब्ध नाही. आपल्या हातात आहे ते नंतरच्या हस्तलिखितांवरून आलेलं. साल्ढानांनी रोमन लिपी ठेवली. त्यात ‘एक्स’ म्हणजे आपला श, आणि ण, ळ साठी तेच रोमन अक्षर दोनदा. आजच्या स्पेलिंगने शोधायला गेलात तर काही हाती लागणार नाही. बांदेलूंनी १९५६ साली पुण्याहून देवनागरी आवृत्ती काढली आणि मराठी वाचकाची मोठीच सोय झाली. पण ती रोमनवरून उतरवलेली आहे. त्यातल्या इ-ईवरून सतराव्या शतकातल्या गोव्याच्या उच्चारांबद्दल निष्कर्ष काढणारे लेख मी वाचलेत. त्यांचा पायाच कच्चा. लंडनच्या मार्सडेन संग्रहातली प्रत मूळचीच देवनागरीत आहे, आणि तिच्यात पोर्तुगीज-लॅटिन शब्दांच्या जागी संस्कृत शब्द पुष्कळ येतात. तेव्हा स्टीफन्सने अमुक शब्द वापरला असं म्हणताना कोणत्या प्रतीतला, हे सांगायलाच हवं. द्रागो (१९९६) आणि फाल्काव (२००९) यांच्या आवृत्त्यांत अर्थही दिलेला असल्यामुळे नव्या वाचकाने तिथून सुरुवात करावी.

पत्ता मिळाला की अर्थाचं काम सुरू होतं. आमची मंडळी इथेच घाई करतात.

पहिली गोष्ट उपमांची. अमुकांमध्ये अमुक श्रेष्ठ, ही साखळी मराठी श्रोत्याला कुठली आठवण देईल? मला तरी गीतेचा दहावा अध्याय आठवतो. २१ व्या श्लोकापासून आदित्यांत विष्णू, नक्षत्रांत चंद्र अशी जी रांग लागते, ती ज्ञानेश्वरीच्या ओव्यांतून घरोघरी पोचलेली होती. स्टीफन्सने हा साचा उचलला, असं माझं मत आहे. मात्र त्याची यादी पुढे ग्रहताऱ्यांवर आणि वारांवर जाते, तिथे बारा राशी येतात, रविवार-सोमवार येतात. भाषणात हा भाग गाळतात. का गाळावा? मोर-कस्तुरीइतका तो गोड नाही, एवढंच. पण त्याने हे वर्णन कौतुकाच्या ठरलेल्या चालीतलं आहे हे लगेच ध्यानात येतं. आणि तुलना ‘या दीपिचेआं’ भाषांपुरती आहे, जगातल्या सगळ्या भाषांची नव्हे.

दुसरी गोष्ट जास्त अडचणीची. याच ग्रंथाच्या गद्य प्रस्तावनेत तो सांगतो की देवाच्या गोष्टी सांगायला मराठी योग्य वाटली म्हणून मराठीत लिहिलं. पण शुद्ध मराठी मध्यम लोकांना कळत नाही, म्हणून जुन्या कवींचे अवघड शब्द सोडून ब्राह्मणांच्या भाषेतले सोपे शब्द ठिकठिकाणी मिसळले. ही ‘ब्राह्मणांची भाषा’ म्हणजे कोंकणी. याच माणसाने तिचं व्याकरण रचलं, ते त्याच्या मृत्यूनंतर १६४० साली रायतूरला छापलं गेलं.

मराठीवाले ओव्या म्हणतात, कोंकणीवाले प्रस्तावना दाखवतात. १९८७ च्या राजभाषा कायद्यानंतरही हा खेळ थांबलेला नाही. मी मराठीच्या बाजूचा, हे मंडळात सगळ्यांना ठाऊक आहे. तरी माझं म्हणणं असं, की प्रस्तावनेचा पहिला अर्धा भाग ओव्यांना दुजोरा देतो आणि दुसरा अर्धा त्या ग्रंथाचा वाचक कोण होता ते सांगतो. हा वाचक घरात कोंकणी बोलणारा आणि पुराण मराठीत ऐकायची सवय असलेला होता. अवघड मराठी त्याला झेपत नव्हती, म्हणून कवीने शब्द बदलले. तरी ओवी आणि पुराणाची चाल मराठीचीच ठेवली. साष्टीच्या समाजाविषयी इतका नेमका पुरावा त्या चार ओव्यांत नाही, तो प्रस्तावनेच्या त्या दोन वाक्यांत आहे.

मंडळाच्या पुढच्या अंकासाठी ख्रिस्तपुराणावर कोणी लिहिणार असेल तर १.१ हा अवस्वर अखंड वाचावा, प्रस्तावनेसकट. दुपार पुरते.